वस्तीतली मारामारी आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त राजापेठ, अमरावती येथे झालेल्या सभेतील भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून लिहून दिले आहे.)



समितीच्या मंडळींनी मला ‘आजचा तरुण’ या विषयावर बोलायला सांगितले. विषय फार मोठा आहे. मी त्यातला एकच कोपरा धरते. आपल्या गरीब वस्त्यांमध्ये जी भांडणे, मारामाऱ्या, चाकू-दगड चालतात, त्यांचा लहानाचे मोठे होणाऱ्या मुलांवर काय परिणाम होतो, एवढेच मी बोलणार आहे. वर्धापन दिनाला गोड बोलावे अशी रीत आहे. आज थोडे कडू बोलले तर मोठ्या मनाने ऐकून घ्या.

मी सव्वीस वर्षे शाळेत शिकवले. माझ्या वर्गात येणारी बहुतेक मुले अशाच वस्त्यांमधली. बाप हमाली करणारा, रिक्षा चालवणारा, मिस्त्रीच्या हाताखाली जाणारा. आई चार घरची धुणीभांडी करणारी. या मुलांनी मला जे शिकवले ते कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवले गेले नाही.

प्रत्येक वस्तीत अशी एक रात्र होऊन गेलेली असते. वरातीत नाचण्यावरून होते, नळाच्या नंबरावरून होते, उसन्या पैशावरून होते. आधी शिवीगाळ, मग ढकलाढकली, मग कोणीतरी घरात पळत जातो आणि हातात काहीतरी घेऊन येतो. बायका ओरडतात. दारे धडाधड लागतात. अर्ध्या तासाने पोलिसांची गाडी येते. सकाळी सगळे कामाला लागतात आणि आपण म्हणतो, मिटलं बाप्पा एकदाचं.

मोठ्यांचे मिटते. मुलांचे मिटत नाही.

त्या रात्री मुले कुठे असतात? खिडकीच्या फटीला डोळा लावून असतात. आईच्या पदराखाली असतात. दुसऱ्या दिवशी तेच मूल माझ्या वर्गात येऊन बसायचे. डोळे लाल, गृहपाठ नाही. बाकडे पडल्याचा आवाज झाला की दचकून उभे राहायचे. एका माऊलीने मला सांगितले होते, “बाई, पोरगं रातच्याले झोपीतून उठते न दाराची कडी पायते. कडी लावली असली तरी पायते.” आणि आम्ही शिक्षक काय लिहायचो? अभ्यासात लक्ष नाही. मीही तेच लिहिले आहे, खोटे कशाला बोलू?

अमेरिकेत शिकागो नावाचे शहर आहे. तिथेही गरिबांच्या, काळ्या लोकांच्या वस्त्या आहेत आणि तिथेही खून-मारामाऱ्या फार. पॅट्रिक शार्की नावाच्या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या मुलांच्या परीक्षेचे निकाल तपासले आणि २०१० साली ते प्रसिद्ध केले. ज्या मुलांच्या घराजवळ खून झाला होता आणि त्यानंतर आठवड्याच्या आत ज्यांची वाचनाची, शब्दज्ञानाची चाचणी झाली, त्या काळ्या मुलांचे गुण चांगलेच खाली आले होते. मुलाने तो खून डोळ्यांनी पाहिलाच होता असेही नाही. वस्तीत झाला, घरात कुजबुज झाली, आईचा चेहरा उतरला, एवढे पुरेसे होते.

आता आपल्या मुलांचा हिशोब करा. ज्याच्या गल्लीत महिन्या दोन महिन्याला असे काही होते, त्या मुलाच्या दहावीपर्यंत किती आठवडे असे गेले? आणि आपण निकालाच्या दिवशी त्याला म्हणतो, बाबासाहेबांनी दिव्याखाली अभ्यास केला, तुले लाईट असून होत नाही का? बंधू-भगिनींनो, अभ्यासाला जसा उजेड लागतो तशी शांत झोप लागते. ज्याचे कान रात्रभर दाराकडे लागलेले असतात, त्याच्या डोक्यात सकाळी गणित शिरत नाही. तो मुलगा ढ नसतो, तो थकलेला असतो.

मुलामुलींमध्ये फरकही पडतो. मुलगा बाहेर पडतो. त्याला कळते की या गल्लीत ज्याला लोक भितात त्याला कोणी हात लावत नाही. मग तो तशा दादाच्या मागे उभा राहायला लागतो. चालणे बदलते, बोलणे बदलते. आपण म्हणतो पोट्टं बिघडलं. त्याच्या मनात मात्र जीव वाचवण्याचा हिशोब चाललेला असतो.

मुलगी घरात कोंडली जाते. चौकात पोरे बसतात म्हणून शिकवणी बंद, लायब्ररी बंद, मग शाळाच बंद. गल्लीतला गुंड बापाला काही करता येत नाही, म्हणून बाप मुलीला दाराआड ठेवतो आणि अठरा भरायच्या आत कुठेतरी उरकून टाकायला बघतो. गुन्हा एकाचा, शिक्षा मुलीला. माझ्या वर्गातल्या अशा किती हुशार मुली गेल्या, त्यांची नावे मला अजून हजेरीसारखी पाठ आहेत.

आणि जी मारामारी चार भिंतीच्या आत होते, तिचे काय? दारू पिऊन आलेला बाप आईला मारतो तेव्हा मूल कोपऱ्यात बसून सगळे पाहते. गल्लीतली भांडणे थांबवा असे म्हणणारा माणूस घरात हात उचलत असेल तर त्याच्या मुलाला दोन्हीकडून एकच धडा मिळतो. पंचशीलातले पहिले शील आणि पाचवे शील आपण रोज एका दमात म्हणतो. ते दोन्ही एकाच घरात कसे मोडतात हे आपल्या बायकांना विचारा.

आता मी माझी स्वतःची गोष्ट सांगते. ही मी आजपर्यंत कोणत्याही सभेत सांगितलेली नाही.

माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगणार नाही. अक्षर मोत्यासारखे. फळ्यावर सुविचार लिहायचे काम मी त्यालाच दिले होते. एक दिवस त्याचे दप्तर खाली पडले आणि त्यातून चाकू निघाला. भाजी कापायचा नव्हे, दुसरा. मी त्याला बाजूला घेतले. विचारले, हे काय आहे रे? तो रडला नाही, घाबरलाही नाही. म्हणाला, “मी कोणाले मारत नाई बाई. पण कोणी आलं त मंग?”

त्याच्या मोठ्या भावाला तीन महिन्यांपूर्वी गल्लीत मारले होते. ज्यांनी मारले ते रोज त्याच रस्त्यावर बसत होते आणि याला शाळेत त्याच रस्त्याने यावे लागत होते. तेरा वर्षांचे लेकरू. त्याने सगळा प्रश्न मला चार शब्दांत विचारला होता, कोणी आलं त मंग?

मी काय केले? चाकू काढून घेतला, दोन शब्द रागावले आणि म्हटले, पुन्हा आणशील तर नाव काढून टाकीन. त्याच्या आईकडे गेले नाही. त्याच्यासोबत कोणी मोठे माणूस येईल अशी सोय केली नाही. भानगडीत पडले तर आपल्यावर येईल असे मनात आले. संध्याकाळी घरी गेले, स्वयंपाक केला, झोपले.

तो मुलगा नववीत शाळेतून गळाला. पुढे दोन वर्षांनी एका मारामारीत पकडला गेला आणि निरीक्षणगृहात गेला. दुसरा मुलगा कायमचा अधू झाला. दोन्ही आपलीच लेकरे. मी चाकू काढून घेतला होता. भीती त्याच्या दप्तरात तशीच ठेवली होती. आजही ते मोत्यासारखे अक्षर माझ्या डोळ्यांपुढे येते.

म्हणून मला आज जे सांगायचे आहे ते एका वाक्यात सांगते. मुलाला मारामारी जेवढी बिघडवते, त्यापेक्षा जास्त आपण मोठ्यांचे गप्प बसणे बिघडवते. मारामारी करणारे वस्तीत चार-पाच असतात. दार लावून घेणारे दोनशे असतात. मूल त्या दोनशेंकडे पाहून शिकते की या जगात आपल्यासाठी कोणी येत नाही.

कोणी म्हणेल, बाई, हे गरिबांच्या वस्तीतच काहून होते? गरीब माणूस जात्याच भांडखोर आहे काय? मुळीच नाही. एका खोलीत आठ माणसे राहतात, नळ एक, संडासला रांग, पोराला काम नाही, गल्लीच्या तोंडाशी दारू मात्र सहज मिळते. पैसेवाल्यांच्या कॉलनीत भांडण झाले तर वकील येतो. आपल्याकडे वकील परवडत नाही म्हणून दगड येतो. पोलिसांकडे जावे तर उलट आपल्यालाच बसवून ठेवतील ही भीती. ही सगळी कारणे खरी आहेत, आणि त्यासाठी आपण शासनाशी भांडलेच पाहिजे.

आपल्या समाजाने बाहेरून आलेला हिंसाचारही काही कमी सोसलेला नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका कुटुंबातल्या चौघांना मारून टाकले गेले. आई, मुलगी आणि दोन मुलगे. त्या वर्षी आपल्या अमरावतीतही लोक रस्त्यावर उतरले होते. त्या वेळी जी मुले सात-आठ वर्षांची होती, ती आज बापे झाली आहेत. त्यांनी ते विसरावे असे मी म्हणत नाही. पण बाहेरच्या अन्यायाविरुद्ध उभे राहायला जो निर्धार लागतो, तो आपसातल्या मारामारीत जिरून जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या पोरांना पुढे घालणारे वेगळेच असतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये या आपल्या शहरात काय झाले ते तुम्ही पाहिले. १२ तारखेला मोर्चा निघाला, १३ तारखेला बंद झाला, दोन्ही दिवस दुकानांवर दगड पडले, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. कोरोनामुळे जी मुले मोबाईलवर शिकत होती त्यांचे तेही दार लागले. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात मोबाईलवरच्या एका मजकुरावरून दंगल उसळली आणि एका माणसाचा जीव गेला. अशा दंगली झाल्या की पोलिसांच्या कॅमेऱ्यात चेहरे कोणाचे येतात? गरिबाच्या पोरांचे. भडकवणारा घरी बसून बातम्या पाहतो. जामिनासाठी मंगळसूत्र गहाण ठेवून कोर्टाच्या पायऱ्या कोण चढते? पोराची आई. मग तोच पोरगा पोलीस भरतीला जातो, चारित्र्य पडताळणी होते, आणि केस आहे म्हणून परत येतो. धर्म कोणताही असो, सगळ्या गरीब वस्त्यांची हीच कथा आहे.

गप्प बसण्याचा शेवट कुठे होतो याचे एक उदाहरण आपल्या विदर्भातलेच आहे. नागपूरची कस्तुरबा नगर वस्ती तुम्हांला माहीत असेल. तिथे अक्कू यादव नावाच्या गुंडाने दहा-बारा वर्षे दहशत बसवली होती. खंडणी, मारहाण, बायांवर अत्याचार. वस्तीत बहुसंख्य दलित आणि कष्टकरी. लोक तक्रारीला घाबरत, आणि तक्रार केली तरी तो सुटून येई. त्या वस्तीतली उषा नारायणे ही शिकलेली मुलगी उभी राहिली, तिने तक्रार केली, तिच्या मागे बाया गोळा झाल्या. ऑगस्ट २००४ मध्ये लोकांनी त्याचे घर पाडले. पुढे तो पोलिसांच्या ताब्यात गेला. १३ ऑगस्ट २००४ ला त्याला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणले असता जमावाने, त्यात बाया मोठ्या संख्येने होत्या, त्याला न्यायालयातच ठार केले. खटला दहा वर्षे चालला आणि २०१४ मध्ये आरोपींची पुराव्याअभावी सुटका झाली.

अनेकांनी त्या बायांना शाबासकी दिली. त्यांचे दुःख मी समजू शकते, त्या जागी मी असते तर काय केले असते सांगता येत नाही. पण मला त्या वस्तीतली लेकरे दिसतात. दहा वर्षे त्यांनी पाहिले की गुंड काहीही करतो आणि मोठे गप्प बसतात. मग एक दिवस पाहिले की गप्प बसलेले लोक रक्त सांडतात. या दोहोंच्या मध्ये जो रस्ता आहे, म्हणजे एकत्र येणे, वेळेवर बोलणे, पोलिसांना जाब विचारणे, कोर्टाकडून न्याय मिळवणे, तो रस्ता त्या लेकरांना कोण दाखवणार? तो बाबासाहेबांचा रस्ता आहे. १३ नोव्हेंबर १९२७ ला ते याच अमरावतीत, इंद्रभुवन थिएटरमध्ये, वऱ्हाडातल्या आपल्या लोकांच्या परिषदेचे अध्यक्ष होते. प्रश्न अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा होता. लोकांचा संताप काय कमी होता? तरीही सत्याग्रह काही काळ पुढे ढकलून समोरच्यांना विचाराला वेळ देण्याचे ठरले. संताप आवरून ठेवणे म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे याच शहरात घडलेले आहे.

मग उपाय काय? पुन्हा शिकागोची गोष्ट सांगते. त्याच शहरातल्या ३४३ वस्त्यांचा अभ्यास रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, १९९७ साली तो छापून आला. साडेआठ हजारांवर रहिवाशांना त्यांनी साधे प्रश्न विचारले. मुले शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असली तर तुमचे शेजारी काही म्हणतील काय? तुमच्या दारासमोर मारामारी झाली तर कोणी मध्ये पडेल काय? शेजाऱ्यावर तुमचा विश्वास आहे काय? तेव्हा असे दिसले की जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास होता आणि दुसऱ्याच्या मुलाला टोकायची तयारी होती, तिथे हिंसाचार कमी होता. सारखीच गरिबी असलेल्या वस्त्यांमध्येही हा फरक पडत होता.

आपल्या भाषेत याला शेजारधर्म म्हणतात. पूर्वी कोणाचेही पोर कुठेही दिसले तर कोणतीही आजी त्याचा कान धरायची. “काहून रे, शाळेत नाई गेला? सांगू का तुह्या मायले?” आज आपण म्हणतो, जाऊ द्या, आपल्याले काय करा लागते. तो कान धरणारा हात परत आणायचा आहे. मारायला नव्हे, विचारायला.

दुसरे उदाहरण नागपूरचेच. विजय बारसे हे कॉलेजात खेळाचे शिक्षक. २००१ साली पावसात वस्तीतली पोरे फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना त्यांनी पाहिली. तेवढा वेळ ही मुले व्यसनापासून आणि भानगडीपासून दूर आहेत हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी फुटबॉल आणून दिला, वस्त्यांचे सामने भरवले. त्यातून गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला अखिलेश पॉल नावाचा एक मुलगा २०१० मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत भारताच्या संघाचा कर्णधार झाला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ सिनेमा २०२२ साली याच कामावर आला, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. बारसे सरांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे काय होते? एक चेंडू आणि रोजचा ठरलेला वेळ. आपल्या अमरावतीत तर १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. खेळाचे महत्त्व या शहराला बाहेरून येऊन कोणी सांगायची गरज नाही.

आता थोडे कायद्याचे, कारण वेळ पडली की आपली माणसे गडबडून जातात. मारामारी सुरू होताच ११२ ला फोन करता येतो. मूल संकटात असेल, मार खात असेल, तर १०९८ आहे. स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती किंवा अटकेतला माणूस यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. अठरा वर्षांखालच्या मुलाला २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. मात्र सोळा ते अठरा वयाच्या मुलाने फार गंभीर गुन्हा केला तर त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. हे मागे उभ्या असलेल्या मुलांनी नीट ऐकून ठेवावे. “मी लहान आहे, मला काही होत नाही” असे जो दादा तुम्हांला सांगतो, तो तुमच्या जिवावर स्वतःची सुटका करून घेतो. आणि ज्या मुलाला रात्री झोप येत नाही, छातीत धडधडते, त्याच्यासाठी १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येते. मनाच्या दुखण्याची लाज धरू नका.

भगवंतांच्या चरित्रातील अंगुलिमालाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या ध्यानातून सुटतात. अट्ठकथेत सांगितले आहे की त्याचे मूळ नाव अहिंसक होते, तो तक्षशिलेला शिकायला पाठवलेला हुशार विद्यार्थी होता. त्याला बोटे आणायला त्याच्या गुरूने लावले. म्हणजे पोरांच्या हातात शस्त्र देणारा मोठा माणूस तेव्हाही पडद्याआड होता. दुसरी गोष्ट, तो भिक्खू झाल्यावर भिक्षेला निघाला तेव्हा लोकांनी त्याला दगड-काठ्यांनी मारले, डोके फुटून तो परत आला. भगवंतांनी त्याला सहन करायला सांगितले, पण संघातून दूर केले नाही.

माझा तो विद्यार्थी आता बाहेर आहे. लग्न झाले आहे, गाडीवर माल पोचवण्याचे काम करतो. मागे एकदा भेटला, पाया पडला. मी म्हटले, विहारात येत जा. तर म्हणाला, “येतो बाई, पण लोकं चपला सांभाळतात मी आलो की.”

आपण दगड मारत नाही. आपण चपला सांभाळतो. माणसाला परत लोटायला तेवढेही पुरते.

शेवटी समितीसमोर आणि तुमच्यासमोर माझ्या मागण्या ठेवते. फार नाहीत.

पहिली. हा विहार रविवारच्या वंदनेला आणि जयंतीला उघडतो, एरवी कुलूप असते. रोज संध्याकाळी सात ते नऊ उघडा ठेवा. दोन ट्यूबलाईट, चार सतरंज्या आणि एक मोठे माणूस, एवढेच लागते. ज्या मुलाच्या घरात भांडण चालू आहे त्याला दोन तास शांत जागा मिळाली पाहिजे. सोमवार माझा. पेन्शन मिळते, काम काही नाही, मी येते. बाकीचे सहा वार तुम्ही वाटून घ्या.

दुसरी. वस्तीत मारामारी झाली की दुसऱ्या दिवशी पाच बाया आणि पाच पुरुषांनी दोन्ही घरी जायचे. बाजू घ्यायला जायचे नाही. त्या घरातल्या मुलांना विचारायला जायचे, झोपलास का? जेवलास का? शाळेत कोणासोबत जाशील? ज्याला रस्त्याची भीती आहे त्याच्यासोबत कोणीतरी मोठ्याने आठ-पंधरा दिवस चालायचे. हे मी माझ्या त्या विद्यार्थ्यासाठी केले नाही. तुम्ही करा.

तिसरी. भीमजयंतीला आपली मुले निळे झेंडे घेऊन निघतात, फार चांगले दिसते. त्या दिवशी दारू पिऊन नाचणाऱ्याला समितीने बाजूला काढावे, मग तो समितीतल्याच कोणाचा पुतण्या का असेना.

चौथी मुलांना. मोबाईलवर कोणी काही भडकवणारे पाठवले तर पुढे ढकलू नका. आणि तुमच्या मित्राच्या खिशात काही असेल तर मला सांगा, ताईला सांगा, काकाला सांगा. ती चुगली नसते. तुम्ही दोन घरे वाचवता.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता मी या दारात उभी राहीन. एक मूल आले तरी दिवा लावीन. माझ्या तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने विचारले होते, कोणी आलं त मंग? त्याचे उत्तर आपल्या वस्तीने द्यायचे आहे. कोणी आले तर आम्ही सगळे बाहेर येऊ, हे उत्तर प्रत्येक लेकराला ऐकू गेले पाहिजे. अध्यक्ष महाशय, कुलपाची किल्ली आपल्या घरी असते. ती मी आज जाताना मागून नेणार आहे.

 भवतु सब्ब मंगलं. जयभीम.